हस्त लागायच्या आत टाकळा कापा

येत्या आठवड्यात, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी, पावसाचं हस्त नक्षत्र लागतंय. ज्यांच्या परसात, बागेत, वाडीच्या वाटेवर टाकळा (पावसाळ्यात आपोआप उगवणारी रानभाजी) माजलाय, त्यांनी हे वाचून झालं की कोयता किंवा ग्रासकटर घ्यावा आणि कामाला लागावं. शेंगा अजून हिरव्या आहेत. एकदा त्या वाळल्या आणि तडकल्या की पुढची कित्येक वर्षं तोच टाकळा दर पावसाळ्यात दुपटीने समोर उभा राहतो.

टाकळा मला मनापासून आवडतो. आषाढात तो आमच्या ताटात असतो, श्रावण-भाद्रपदात त्याच्यावर फुलपाखरं वाढतात, आणि कापला की माडा-पोफळींच्या आळ्यात जातो. पण हे सगळं मिळतं ते त्याला वेळच्या वेळी हात लावला तर. लोक एक तर जूनमध्येच तो मुळासकट उपटून फेकतात, नाही तर दिवाळीपर्यंत त्याच्याकडे बघतच नाहीत. या दोन्हींच्या मधला रस्ता मला सासूबाईंनी शिकवला, आणि तो सगळा नक्षत्रांवर बांधलेला आहे.

आम्ही संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या पुढे राहतो. घरामागे परस, त्यात माड, पोफळी, दोन फणस आणि एक रातांबा. परसाच्या वरच्या अंगाला जांभ्याचा गडगा (दगडांची कुंपणभिंत) आणि गडग्यापलीकडे हापूसची बाग. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे मृगाच्या चार सरी आल्या की उघड्या मातीचा एक वीतभर तुकडाही रिकामा राहत नाही. त्यात सगळ्यांत आधी दिसतो तो टाकळा. काल काही नव्हतं आणि आज गडग्याच्या कडेने हिरवा पट्टा, इतक्या झपाट्याने. याचं कारण बियांमध्ये आहे. टाकळ्याचं बी चकचकीत तपकिरी आणि कठीण असतं, टरफलातून पाणी सहज आत शिरत नाही. त्यामुळे एका वर्षी पडलेलं सगळं बी एकाच वर्षी रुजत नाही. काही यंदा उगवतं, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही नंतर. ज्याला आपण यंदाचा टाकळा म्हणतो, त्यात किती तरी जुन्या वर्षांचं बी असतं. हे लक्षात घेतलं की बाकीचं सगळं गणित आपोआप कळतं.

ओळखायला तो सोपा आहे, तरी नीट सांगते, कारण इथे चूक होऊन चालत नाही. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या उपपानांच्या, तीन जोड्या असतात. पर्णिका टोकाला गोलसर, देठाकडे निमुळत्या. टोकाची जोडी सगळ्यांत मोठी. खालच्या दोन जोड्यांच्या बेचक्यात बारीक काडीसारखी पिवळट-नारिंगी ग्रंथी असते, भिंगाशिवायही दिसते, आणि मुंग्या तिथे गोड रस चाटायला येतात. संध्याकाळ झाली की पर्णिका मिटतात, सकाळी उघडतात. पान चुरगळलं तर उग्र वास येतो. कोवळ्या शेंड्यांना तो कमी, जून पानांना जास्त. गुरं याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे कातळसड्यावर आणि गुरचरणीत बाकीचं गवत खाल्लं जातं आणि टाकळा तेवढा उभा राहतो.

याचा भाऊबंद कासविंदा. तोही पिवळ्या फुलांचा, तोही पावसाळ्यात, तोही गावाच्या कडेला. त्याच्या पानाला पर्णिकांच्या चार-पाच जोड्या, आणि प्रत्येक पर्णिका टोकदार. त्याची ग्रंथी पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी असते, पर्णिकांच्या मध्ये नसते. शेंगा चपट्या, वर उभ्या राहणाऱ्या. टाकळ्याच्या शेंगा बारीक, वीतभर लांब, विळ्यासारख्या वळलेल्या. आमच्या घरात कासविंदा खात नाहीत, आणि मुलांना त्याच्या शेंगांशी खेळूही देत नाहीत. 2016 साली ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात शंभराच्या आसपास लहान मुलं दगावली. त्या आजाराचा माग काढणाऱ्या तज्ज्ञांनी जी कारणं पुढे आणली, त्यात कासविंद्याच्या बियांमधल्या विषारी द्रव्यांचा समावेश होता. त्याच्याही आधी पश्चिम उत्तर प्रदेशात मुलांच्या अशाच जीवघेण्या आजारामागे डॉक्टरांना कासविंद्याच्या शेंगाच सापडल्या होत्या. म्हणून शहरातून गावी आलेल्या आणि 'पिवळ्या फुलांची रानभाजी' एवढीच खूण लक्षात ठेवून पिशवी भरणाऱ्यांना मी हात धरून थांबवते. फूल बघून भाजी खुडू नका. भाजीच्या दिवसांत टाकळ्याला फूल नसतंच.

भाजीचे दिवस म्हणजे आर्द्रा आणि पुनर्वसू. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. रोप चार बोटांचं झालं की सुरुवात करायची आणि टीचभर झालं की थांबायचं. पुष्य लागला की पान राठ होतं आणि वास चढतो. खुडताना रोप उपटायचं नाही, वरचा शेंडा आणि दोन कोवळी पानं नखाने खुडायची. खालच्या बेचक्यातून पुन्हा फुटवे येतात आणि त्याच रोपावरून आठवड्याने पुन्हा भाजी निघते. सकाळी पाऊस थांबलेला असताना खुडावी, म्हणजे पानं चिखलाने भरलेली नसतात आणि संध्याकाळसारखी मिटलेलीही नसतात.

आमच्याकडची भाजी आठळ्या घालून होते. फणसाचा हंगाम संपता संपता आठळ्या धुऊन, सुकवून पडवीत मातीत पुरून ठेवलेल्या असतात. फणस संपतो आणि टाकळा उगवतो, त्यामुळे दोघांची गाठ पडते. आठळ्या पाट्यावर ठेवून वरवंट्याने हलकेच ठेचल्या की वरचं पांढरं साल सुटतं. आतली तांबूस साल राहू द्यावी, तिला चव असते. त्या मीठ घालून शिजवून घ्यायच्या. टाकळा तीन पाण्यांतून धुऊन विळीवर बारीक चिरायचा. तेलात भरपूर ठेचलेला लसूण, तो लालसर झाला की हिरवी मिरची, मग कांदा. कांदा मऊ झाला की टाकळा. झाकण ठेवायचं नाही. उघड्यावर परतला की उग्रपणा वाफेबरोबर जातो. पाणी आटलं की आठळ्या, मीठ, चिमूटभर गूळ, आणि उतरवताना मूठभर ओलं खोबरं. गूळ गोड करण्यासाठी नाही, कडसर चव जरा खाली बसावी एवढाच. सोबत तांदळाची गरम भाकरी. ज्यांच्याकडे आठळ्या नाहीत त्यांनी भिजवलेली चण्याची किंवा मुगाची डाळ घालावी. गोव्यात याला तायकिळो म्हणतात आणि तिथेही आठळ्या आणि नारळ हीच जोडी. विदर्भात हाच तरोटा, तिकडे डाळ घालून किंवा नुसता कांद्यावर परततात. माझी एक जाऊ मूळची भंडाऱ्याची. तिच्या हातची तरोट्याची भाजी मी खाल्ली आहे, तिच्यात खोबरं नसतं आणि ती तरीही छान लागते, हे कोकणातल्या बाईने कबूल करायला हवं.

एक सांगते. टाकळा सारक आहे. पहिल्यांदा खाणाऱ्याने वाटीभरच खावा, आणि ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी पानं एक उकळी देऊन पाणी टाकून द्यावं. रस्त्याच्या कडेचा, गटाराजवळचा, किंवा जिथे तणनाशकाची फवारणी झालेली असू शकते तिथला टाकळा घेऊ नये. पावसाळ्याच्या सुरुवातीला ठाणे, बोरिवली, दादर अशा बाजारांत आदिवासी बायका टाकळ्याच्या जुड्या घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्याकडून घ्या. त्या पहाटे उठून रानातून भाजी आणतात आणि त्यांना झाडाची ओळख आपल्यापेक्षा पक्की असते. दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका.

आता माझा मुख्य मुद्दा. भाजी संपली की बहुतेक जण टाकळ्याला विसरतात. माझं काम तिथून सुरू होतं.

पुष्य नक्षत्रात, म्हणजे जुलै संपता संपता, मी परसातला टाकळा दोन भागांत वाटते. घराच्या जवळचा, विहिरीच्या वाटेवरचा, पोफळींच्या पाटाच्या कडेचा सगळा काढून टाकते. या दिवसांत माती भिजलेली असते, मूळ अजून लाकडी झालेलं नसतं, एका हाताने ओढलं तरी रोप येतं. ऑगस्टमध्ये तेच सोटमूळ असं रुततं की खुरपं लागतं. घराजवळ उंच झाड नको याचं कारण सरळ आहे: आमच्याकडे फुरसं आहे, घोणस आहे, मण्यार आहे. पावसाळ्यात पायाखालची जमीन दिसली पाहिजे. ज्यांना रानटी बाग हवीहवीशी वाटते त्यांना मी हेच पहिलं सांगते. रान ठेवा, पण दारापासून आणि पायवाटेपासून लांब, आणि तिथे रात्री बॅटरीशिवाय जाऊ नका.

गडग्याच्या कडेचा पट्टा मात्र मी राखते. तिथे दिवसभर ऊन असतं (पाऊस नसेल तेव्हा), माणसांची वर्दळ नाही, आणि गडग्यामुळे तो आपोआप एका बाजूने बांधलेला राहतो. या पट्ट्यातला टाकळा खुडायचा नाही, कापायचा नाही. तो आहे तसा वाढू द्यायचा. कंबरेइतका होतो.

कशासाठी, ते बघायला आश्लेषा-मघाच्या दिवसांत, ऑगस्टमध्ये या. सकाळी ऊन पडलं की पिवळी छोटी फुलपाखरं, ज्यांना इंग्रजी नावाने ग्रास यलो म्हणतात, ती आणि हिरवट पांढरी मोठी मॉटल्ड एमिग्रंट या पट्ट्यावर घिरट्या घालतात. फुलातल्या रसासाठी ती येत नाहीत, टाकळ्याच्या फुलात मध नसतोच. त्यांना पान हवं असतं. मादी पानावर टेकते, पोट वाकवते, एक अंडं ठेवते आणि उडते. अंडं पांढरं, लांबट, उभं, भाताच्या दाण्याहूनही बारीक. चार-पाच दिवसांत त्यातून अळी निघते, ती पानाच्याच रंगाची, अंगावर बाजूने एक फिकट रेघ. पहिल्यांदा दिसत नाही. पानाला भोकं पडलेली दिसली की उलटून बघायचं. कोषही हिरवा, टोकाला निमुळता, देठाला एका धाग्याने बांधलेला. पानांत मिसळून जातो. आमच्याकडे बहावा आहे, त्याच्यावरही एमिग्रंट अंडी घालतात, पण बहावा उंच, तिथे मुलांना दाखवता येत नाही. टाकळ्यावर सगळं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर घडतं. शेजारची मुलं शाळेतून आली की दप्तर पडवीत टाकून आधी गडग्याकडे जातात. त्यांना मी एकच नियम घातला आहे: अळीला हात लावायचा नाही, पान हलवायचं नाही.

अळ्यांनी पट्ट्याची चाळण केली तरी मी फवारणी करत नाही, ना कडुनिंबाची ना आणखी कशाची. पानं खाल्ली जाणं हाच तो पट्टा राखण्याचा हेतू आहे. शिवाय पानं कमी झाली की झाडाला शेंगाही कमी धरतात, तेवढंच माझं काम हलकं. या अळ्या शेजारच्या भेंडी-पडवळावर चढतील अशी भीती काही जणांना वाटते. त्यांनी निर्धास्त राहावं. या जातींच्या अळ्या टाकळा, बहावा, तरवड अशा ठरावीक झाडांवरच जगतात, भाजीपाला त्यांच्या कामाचा नाही.

फुलं गणपतीच्या आगेमागे ऐन बहरात येतात. पाच पाकळ्या, हळदीसारखा पिवळा रंग, पानाच्या बेचक्यातून जोडीने निघतात आणि पानाखाली जराशी लपलेली असतात. सकाळी उमलतात, दुपारी मलूल होतात. आमच्याकडे गौरी तेरड्याच्या असतात. टाकळ्याचं फूल कुणी देवाला वाहत नाही, त्याला पत्रीतही जागा नाही, त्यामुळे तोडणारे हात नसतात आणि सगळी फुलं झाडावरच राहतात. मग भुंगे येतात. या फुलाचे परागकोश टोकाला असलेल्या बारीक भोकातूनच परागकण सोडतात. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची रानमाशी फुलाला धरते, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते, आणि त्या थरथरीने पराग बाहेर उडतात. आपल्या पोळ्यातल्या मधमाशीला ही कला येत नाही, ती सांडलेले कण वेचते. कान देऊन ऐकलं तर भुंगा उडतानाचा आवाज आणि फुलाला धरून थरथरतानाचा आवाज वेगळा कळतो. दुसरा जास्त चढा असतो. पाऊस थांबलेल्या सकाळी मी चहाचा कप घेऊन गडग्यावर बसते ते हे ऐकायला.

आमचा पुतण्या बागेचं काम बघतो. हुशार आहे, कष्टाळू आहे. दोन वर्षांपूर्वी तो तणनाशकाचा पंप पाठीवर बांधूनच परसात आला.

"काकी, एक पंप मारतो. आठ दिवसांत सगळं साफ."

"यंदाचं साफ होईल रे. मातीत जे बी आहे त्याचं काय?"

"ते पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी पुन्हा पंप. आणि ही विहीर पंधरा पावलांवर आहे."

ग्लायफोसेटसारखं औषध हिरव्या पानातून आत जातं. मातीत निजलेल्या बियांना त्याचं काही होत नाही. फवारणीनंतर जमीन उघडी पडते, आणि उघडी जमीन हीच टाकळ्याची आवडती जागा. म्हणजे एका वर्षाचा टाकळा मारून आपण पुढच्या वर्षीच्या टाकळ्याला अंगण सारवून देतो. हे मी त्याला त्या दिवशी बसवून समजावलं. त्याने पंप उतरवला आणि ग्रासकटर आणला. तेव्हापासून आमचा करार आहे: हापूसच्या बागेची बेणणी (वाढलेलं गवत कापायचं काम) करायला तो येतो, त्याच दिवशी गडग्याचा पट्टाही कापायचा. फक्त दिवस मी ठरवते.

तो दिवस ठरवण्याची खूण अशी. खालच्या शेंगा भरलेल्या असाव्यात, पण बोटांनी मोडली तर आतलं बी हिरवं आणि मऊ निघावं. नखाने दाबलं की चिरडलं पाहिजे. असं असेल तर त्या बियांपासून पुढे रोप येणार नाही. त्याच वेळी झाडाने आपली बहुतेक ताकद फुला-शेंगांत घातलेली असते, त्यामुळे कापल्यावर त्याला पुन्हा उभं राहायला जोर उरत नाही. लवकर कापलं, समजा मघात, तर बुडख्यातून फुटवे येतात आणि बुटकं झाड पुन्हा फुलतं. उशिरा कापलं, ऑक्टोबरात चित्रा-स्वातीत, तर कोयत्याच्या प्रत्येक घावाबरोबर आपणच बी पेरत जातो. उत्तरा संपताना ते हस्त लागेपर्यंतचे आठ-दहा दिवस सगळ्यांत बरे. घाटावर पाऊस कमी, तिथे शेंगा थोड्या पुढे-मागे तयार होतील. तिकडच्यांनी नक्षत्र बघू नये, नखाने बी दाबून बघावं.

कापण्याआधी आदल्या संध्याकाळी मी पट्ट्यातून एक फेरी मारते. ज्या फांद्यांवर अळ्या किंवा कोष आहेत त्या फांद्या कापून गडग्याच्या फटींत उभ्या खोचते. कोषांतून फुलपाखरं तिथेच निघतात. अळ्यांसाठी पट्ट्याच्या टोकाची दोन झाडं राहू देते, आणि त्या दोन झाडांच्या शेंगा मात्र हाताने तोडते. एवढं काम कुणी करावं असा माझा आग्रह नाही. मला बरं वाटतं म्हणून करते.

कापलेला टाकळा फेकायचा नाही, जाळायचा तर मुळीच नाही. एक दिवस उन्हात कोमेजू द्यायचा आणि माडा-पोफळींच्या आळ्यात पसरायचा, वर पातेरा (वाळलेली पानं). पान लवकर कुजतं, दांडे हळूहळू. पाऊस सरला की आळ्यातली ओल टिकायला हा थर फार उपयोगी पडतो. इथे एक गैरसमज दूर करते. टाकळा शेंगवर्गातला, म्हणून तो हवेतला नत्र जमिनीत साठवतो असं पुष्कळ जण सांगतात. ताग आणि चवळीच्या बाबतीत ते खरं आहे, त्यांच्या मुळांवर गाठी येतात. टाकळा उपटून बघा, मुळावर गाठी नसतात. तो मातीतूनच घेतो आणि कुजल्यावर मातीलाच परत देतो. तेही कमी नाही, पण तागाऐवजी टाकळा पेरून भागेल असं समजू नये.

बियांना किंमत आहे, हेही खूप जणांना माहीत नसतं. विदर्भात आणि छत्तीसगडमध्ये दिवाळीनंतर लोक वाळलेल्या शेंगा गोळा करून, झोडपून, बी बाजारात विकतात. केंद्र सरकारच्या गौण वनउपजाच्या हमीभावाच्या यादीत टाकळ्याचं बी आहे. त्याच्या गरापासून कॅसिया गम नावाचा डिंक बनतो, तो पाळीव प्राण्यांच्या डबाबंद खाद्यात दाटपणासाठी वापरतात. भाजून कॉफीसारखं उकळून पिण्याची रीतही आहे, आणि जपानमध्ये याच्याच अगदी जवळच्या जातीच्या भाजलेल्या बियांचा चहा पितात. आयुर्वेदात याचं नाव चक्रमर्द. गजकर्णावर याचं बी ताकात वाटून लावत असत. सासूबाईही लावायच्या. हल्लीचं गजकर्ण मात्र हट्टी झालंय, त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडेच न्यावं.

पुण्याला राहणाऱ्या माझ्या बहिणीने मागे फोटो पाठवला होता: "ताई, प्लॉटवर टाकळा आलाय, भाजी करू का?" मी फोटो मोठा करून बघितला. पानांवर, देठावर दाट तांबूस लव, शेंगा बोटभर लांबीच्या, सरळ आणि घोसाने. तिला लगेच फोन केला की खाऊ नकोस. ती सेन्ना युनिफ्लोरा, अमेरिकेतून आलेली जात. पुण्याच्या आसपास ती मुद्दाम पसरवली गेली होती, कारण ती गाजर गवताला दाबते. गाजर गवताची भारतातली पहिली नोंद पुण्यातलीच, 1950 च्या दशकातली, त्यामुळे तिथल्या लोकांनी त्याच्यावर उपाय शोधण्यासाठी धडपड केली यात नवल नाही. पण आता युनिफ्लोराच माळावर माळ व्यापते आहे. टाकळ्याच्या अंगावर लव जवळजवळ नसते, तो गुळगुळीत. लव दिसली की थांबायचं. पुण्याच्या टेकड्यांवर पिवळा-केशरी कॉसमॉसही असाच सुटला आहे, मेक्सिकोचा. लोक त्याच्यात उभे राहून फोटो काढतात, घरी बी आणून टाकतात, आणि तेच लोक इथे आले की आमच्या टाकळ्याला कचरा म्हणतात. मला याचं वाईट वाटतं. कॉसमॉसचं पान टाकळ्यावरच्या या अळ्यांच्या तोंडाला लागत नाही.

ज्यांना गॅलरीत लावायचा आहे त्यांच्यासाठी. बी दोन बारीक सँडपेपरच्या मध्ये ठेवून टरफलाची चकाकी जाईपर्यंत घासा, मग रात्रभर पाण्यात. जे फुगेल ते रुजेल, जे फुगणार नाही ते पुन्हा घासा. दहा-बारा इंची कुंडी, साधी माती, थोडं शेणखत. खत जास्त झालं तर नुसती उंची वाढते. ऊन भरपूर हवं. मृगात पेरा, एका कुंडीत पाच-सहा रोपं पुरेत. आर्द्रा-पुनर्वसूत तीनदा-चारदा शेंडे खुडता येतील, त्यानंतर दोन रोपं ठेवून बाकीची काढा. चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंतही ग्रास यलो येतात असं बोरिवलीची भाची सांगते, तिच्याकडे आली आहेत. गणपतीनंतर आठवड्यातून एकदा हिरव्या शेंगा हाताने तोडत जा, म्हणजे शेजारच्या कुंड्यांत पुढच्या वर्षी टाकळा उगवणार नाही. बियाण्यासाठी एकच फांदी राखा आणि तिच्या शेंगांवर जुन्या मलमलीची पिशवी बांधा. शेंगा तडकल्या तरी बी पिशवीतच राहतं.

मीही यंदा तेच करणार आहे. गडग्याच्या खालच्या टोकाला फणसाची सावली वाढल्यामुळे तिथला टाकळा विरळ झालाय, तर पट्टा पुढच्या वर्षी वरच्या अंगाला, गोठ्यामागे सरकवायचा आहे. त्यासाठी तीन झाडांना पिशव्या बांधून झाल्या. बाकीचा पट्टा शनिवारी कापतोय, पुतण्याला सांगून ठेवलंय.